ओट्यामागची मोकळी ओळ

४ जानेवारी, रविवार

किचनची भिंत आज फुटली. गफूरभाई मिस्त्रीनं हातोडी उचलायच्या आधी नुसता तळहात मारला, तर जुन्या टाइल आपोआप खाली. मागं भिंत ओली, हिरवी, कुबट वास. पाइप कधीपासून गळायलाय कुणास ठाऊक. "ताई, अजून एक पावसाळा ठेवली असती ना, तर अंगावर आली असती," म्हणाला. म्हणजे बरंच झालं म्हणायचं.

स्वयंपाक मागच्या पडवीत हलवला. टेबलावर मेणकापड, त्यावर शेगडी. मिस्त्री पंधरा दिवस म्हणतोय, म्हणजे महिना धरावा.

मि.ला (मिलिंद पूर्ण लिहायचा आता कंटाळा, नवरा म्हणून मि. पुरे) आधीच सांगून ठेवलंय. ओट्यापासून छतापर्यंत पांढरी टाइल. चकचकीत. फूल नको, फळांची टोपली नको, हायलायटर नको. दुकानदार हायलायटर गळ्यात मारतातच, मधे एक वेगळ्या रंगाची ओळ, भिंत उठून दिसते म्हणे. मला उठून दिसायची नाही. नुसती स्वच्छ पाहिजे.

रात्री जेवताना आत्याबाई लेकाकडं बघून म्हणाल्या, "शेगडीच्या मागं एक गडद पट्टी घ्या रे." सुनेला नाही, लेकाला. मि. नेहमीसारखा, "बघू आई."

६ जानेवारी, मंगळवार

शाळेतून आले तर परत तेच. पट्टी.

मी म्हणाले, आत्याबाई, बावीस वर्षं झाली ह्या घरात येऊन, पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं होऊ लागलंय. त्या म्हणाल्या, "तुज्या मनासारखंच कर की. एक पट्टी तर सांगायलेय." "पण कामून?" तर भांडी पुसत बसल्या.

हे असं नुसतं "पाहिजे" मला समजत नाही. कारण सांगा, मी ऐकते.

माझं कारण मला माहीत आहे. माहेरी ताडकळसला आमच्या घरात चूल होती आणि चुलीमागची भिंत काळी. चौदा एप्रिलच्या आधी माय चुना लावायची. चार दिवस घर असं पांढरं की आम्ही बहिणी हात लावायला भ्यायचो. मे उजाडेपर्यंत परत काळं. मी नोकरीला लागले तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या भिंतीला... असो. नवरा हसेल वाचलं तर.

९ जानेवारी, शुक्रवार

पडवीत चहा सांडला. आत्याबाईंनी कप सोडून शेजारी, मेणकापडावर ओतला. सगळा. वर म्हणाल्या, "ह्यो कपच वाकडा हाय." पांढरा साधा कप, वाकडा कुठून आला.

मी पुसलं, पण मनात आलं की हे मुद्दाम आहे. किचन हातातून गेलं म्हणून राग. वाईट विचार. पण आला, म्हणून लिहिते.

दिवसभर चिडचिड. पोरांवर पण ओरडले चौथीच्या वर्गात.

११ जानेवारी, रविवार

टाइल बघायला गेलो. मि., मी आणि आत्याबाई. त्यांना घरी ठेवून गेले असते तर आठवडाभर तोंड फुगलं असतं.

पांढरी पाच मिनिटांत ठरली. मग दुकानदारानं हायलायटर मांडले. कॉफीचे कप, लिंबं, हिरव्या मिरच्या. मि.ला मिरच्या आवडल्या. मी नुसतं बघितलं त्याच्याकडं, त्यानं ठेवल्या खाली.

आत्याबाई एक साधी टाइल उचलून दाराशी उजेडात घेऊन गेल्या. खूप वेळ धरून उभ्या. मग म्हणाल्या, "ह्यो काळा घे. ह्यो चांगला हाय."

दुकानदार म्हणाला, "आजी, तो काळा नाही, निळा आहे."

"काळाच हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली का नाही, आणि हलवली तरी त्यांना ती दिसली असेल का, आता सांगता येत नाही. टाइल गर्द निळी होती. ज्या बाईनं आयुष्यभर जयंतीला निळ्याशिवाय दुसरं लुगडं नेसलं नाही, तिला निळा काळा दिसला.

 मि.च्या लक्षातच आलं नाही. त्याला वाटलं, आईला काळा आवडतो.

१२ जानेवारी, सोमवार

आज लक्ष ठेवलं. चोरून लक्ष ठेवायला कसंतरीच वाटलं, पण ठेवलं.

तांदूळ निवडायला दिले. बघून नाही, बोटांनी निवडतात. ताटातली चटणी नाकाजवळ नेऊन ओळखतात. टीव्ही ऐकतात, बघत नाहीत. दारातून आलेल्या माणसाला "ये" म्हणतात आणि तो बोलेपर्यंत थांबतात. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. कधीपासून?

विचारलं. "आत्याबाई, डोळ्याला बरं दिसायलंय ना?"

"दिसायलंय की. तुज्यापेक्षा चांगलं."

प्राचीला पुण्याला फोन केला. लेक म्हणाली, आजीनं दिवाळीत माझ्या ड्रेसचा रंग चुकीचा सांगितला होता, मला वाटलं गंमत करतेय. पोरीला सुद्धा दिसलं होतं, मला नाही.

१४ जानेवारी, बुधवार



शाळेतून सव्वापाचला आले. गेटपासूनच वास. पडवीत पळत गेले तर शेगडीचं एक बटण पूर्ण उघडं, पातेलं दुसऱ्याच बर्नरवर. आत्याबाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या, हातात लायटर. म्हणाल्या, "लय येळ झाला पेटंना. म्हणून बसले जरा."

बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, त्यांचा हात धरून अंगणात आणलं. लायटर हातातून काढून घेतलं तेव्हा त्यांना समजलं काय झालं ते.  पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. पडवीला भिंत नाही, तीन बाजूंनी मोकळी, म्हणून. बंद किचन असतं तर. लिहीत नाही पुढचं.

मि. आल्यावर सांगावंच लागलं. त्याचा चेहरा पांढरा. आवाज चढवला नाही, पण सरळ सांगितलं, "आई, आजपासून गॅसला हात लावायचा नाही."

मला ते बरोबर वाटलं. आणि आत्याबाईंचं तोंड बघवलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून जेवल्या नाहीत. "भूक न्हाई." दुपारी रजा टाकली मी.

शेजारच्या काकू आल्या तर त्यांना म्हणाल्या, "मी आता पाव्हणी झाले ह्या घरात. चहा मिळंल तवा प्यायचा."

ह्या बाईनं वसतिगृहात वीस वर्षं भाकरी थापल्या. साठ पोरांच्या, दोन्ही वेळा. सासरे गेल्यावर त्याच भाकरीवर मि. शिकला, बँकेत लागला. आणि आता लायटर काढून घेतलं. मीच घेतलं ना, माझ्याच हातानं.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज बोलल्या.

मी भाकरी करत होते, त्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.  मग आपणहून, "जुन्या भिंतीला डाग होता बग. फोडणीचा. शेगडीच्या मागं."

होता. तेलाचा, काळपट, थाळीएवढा. दर रविवारी मी तो सोड्यानं घासायची आणि कधीच पूर्ण गेला नाही.

"त्या डागावरून मला शेगडी सापडायची. डाग दिसला की खाली हात न्यायचा. डावीकडं लहान बर्नर, उजवीकडं मोठा. तू घासायचीस तवा मला भेव वाटायचं, आता जातोय का काय. आन् आता सगळी भिंतच पांढरी करायलीस. पांढऱ्यात मला काईच सापडत न्हाई, वंदना."

म्हणून पट्टी.

भाकरी करपली तव्यावर. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. तर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर डॉक्टरकडं नेलं असतं. शांताचा डोळा गेला ऑपरेशननं. धाकटी बहीण माजी. दिसत व्हतं थोडं, तेबी गेलं. मला हाय तेवढं राहू दे."

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट ती. मावशींना मी कधी बघितलं नाही. पण आत्याबाईंनी ते एवढी वर्षं उराशी धरून...

मी त्यांना म्हणाले, पट्टी लावू. पण डोळे दाखवायचे. नुसते दाखवायचे. ऑपरेशनचं मी तुमच्या मर्जीशिवाय एक अक्षर बोलणार नाही.

"शप्पत?"

"शप्पत."

मग अर्धी भाकरी खाल्ली. करपलेलीच.

१९ जानेवारी, सोमवार

परभणीला नेलं. सकाळची रेल्वे. मि.नं रजा काढली, न विचारता.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं शांत. थेंब टाकून तासभर बसवलं. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरलेला, बांगड्या रुतल्या मनगटात. मी मनातल्या मनात सगळ्यात वाईट तेच ऐकायची तयारी करत होते. आता काही होणार नाही, उशीर केलात, असं.

तसं नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. निघेल. पडदा चांगला आहे, नजर बरीचशी परत येईल असं त्यांचं म्हणणं. डाव्यात मोतीबिंदू आहेच, शिवाय काचबिंदूची सुरुवात. डाव्यातलं गेलेलं येत नाही, आहे ते थेंबांनी राखायचं. डाव्याचं ऑपरेशन नंतर, आणि त्यात किती फरक पडेल ते आत्ता सांगता यायचं नाही.

मि. बाहेर येऊन बाकावर बसला आणि डोळे पुसले. मी पहिल्यांदा बघितलं त्याला असं.

आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना शांताचं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. नंतर फक्त म्हणाल्या, "आजी, तुमची भीती खोटी नाही. पण तेव्हाचं ऑपरेशन वेगळं होतं. टाका पण नसतो आता. घरी जाऊन विचार करा. नाही म्हणालात तरी मी थेंब देणारच आहे."

येताना गाडीत आत्याबाई खिडकीशी.  मानवत रोड स्टेशनच्या पुढं कुठंतरी म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. अंगावर वसकत न्हाई."

२१ जानेवारी, बुधवार

मिस्त्रीनं पांढरी लावायला घेतली. तो ओट्यामागच्या भिंतीला डाडो म्हणतो. मी सांगितलं, गफूरभाई, शेगडीच्या मागं एक आडवी ओळ निळी. गर्द निळी. त्यानं माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमीच तर नको म्हणल्या होत्या."

आता पाहिजे.

दुकानात त्या निळ्याचे दोनच नमुने. बॉक्स मागवावा लागेल, आठ-दहा दिवस. मिस्त्री कुरकुरला, मग लाकडी पट्टी टेकवून वरच्या ओळी चढवल्या आणि मधली एक ओळ मोकळी सोडली. नुसतं सिमेंट.

बाकी भिंत पांढरी. काय सुंदर दिसतेय. लिहायला लाज वाटते, पण मी शाळेतून आल्यावर चप्पल न काढता आधी ती बघून आले.

२४ जानेवारी, शनिवार

आत्याबाई आपणहून म्हणाल्या, उजवा करू. "एकच. डावा मग बगू."

मी काहीच बोलले नव्हते. शप्पत होती.

मि.नं लगेच फोन लावला. गुरुवारी.

२९ जानेवारी, गुरुवार

झालं. पंधरा-वीस मिनिटं. आम्ही बाहेर ती पंधरा-वीस मिनिटं कशी काढली ते आम्हालाच ठाऊक. मि.नं तीच एक भिंतीवरची सूचना दहा वेळा वाचली.

बाहेर आल्या, डोळ्यावर पट्टी. पहिलं वाक्य, "चहा हाय का?"

३० जानेवारी, शुक्रवार

पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, आत्याबाईंनी बरोबर सांगितली. मग त्या बोटांकडं बघायच्या सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. बराच वेळ.

"तुजे केस किती पांढरे झालेत गं."

मी हसले आणि रडले, दोन्ही. मि. मागं उभा. त्याला म्हणाल्या, "तू जाड झालास."

सुटले एकदाची. गाडीत मला झोप लागली, खांदा आत्याबाईंचा. उलटं पाहिजे होतं खरं तर.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काळा चष्मा लावून घरभर फिरतात आणि दोष काढतात. माठाला शेवाळ. पंख्यावर धूळ. फ्रीजच्या मागं काय ते. "इतके दिवस अशा घाणीत ऱ्हायले मी?" आपल्या हातांवरच्या सुरकुत्या बघून म्हणाल्या, "आरशात न्हाई बगनार मी आज." दुपारी बघितलंच.

मला राग येत नाही. महिन्याभरापूर्वी आला असता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

निळ्याचा बॉक्स आला. मिस्त्रीनं दोन टाइल मोकळ्या ओळीत नुसत्या टेकवून दाखवल्या.

मला आवडली. मलाच आश्चर्य. पांढऱ्यात तो निळा असा शांत, खोल. पांढरा पण त्यामुळं जास्त पांढरा. वाटलं, ही ओळ नसती तर भिंत दवाखान्यासारखी झाली असती.

आत्याबाईंना बोलावलं. चष्मा वर करून बघितलं. "ह्यो त्यो काळा?"

"तोच."

"अगं, ह्यो तर लय भडक हाय. डोळ्यात येतो. असला किचनात कशाला?"

मिस्त्री खाली बघून हसायला लागला. मी म्हणाले, तुमच्यासाठीच मागवलाय. तर म्हणाल्या, "मला आता दिसायलंय की. तुला पांढरी पाहिजे व्हती ना, मग कर पांढरी."

आता मला निळी पाहिजे आणि त्यांना पांढरी. मि.ला विचारलं, तो हात जोडून बाहेर गेला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी आत्याबाईंनी नवीन किचनमधे पहिला चहा केला. शेगडी आत आणलीय. मि.नं बंदी उठवली, स्वतःच्या तोंडानं. "आई, चहा टाकतेस का?" एवढंच म्हणाला, पण त्या समजल्या. एका झटक्यात पेटवली. मी दाराआड उभी होते, बटणाकडं लक्ष ठेवून. त्यांना कळलं. "ये आत, लपू नको," म्हणाल्या.

साखर जास्त. तिघांनी गुमान प्यायला.

मिस्त्रीचा फोन. त्याला राणीसावरगावला दुसरं काम लागलंय, सोमवारच्या आत सांगा म्हणतो, निळी की पांढरी. पांढऱ्याच्या पण उरल्यात, पुरतील.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघींचं रोज थोडं थोडं. मी म्हणते निळी, शोभेसाठी, आता तुमचं निमित्त नाही. त्या म्हणतात, शोभा डोळ्यावर येऊ नये. मि. म्हणतो, ह्या घरात पहिल्यांदा सासू-सुना एकमेकींचंच म्हणणं मांडायल्यात आणि तरी भांडायल्यात.

खरं सांगायचं तर भांडण नाही हे. बरं वाटतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आत्याबाई किचनच्या दारात उभ्या. त्यांना वाटलं मी झोपलेय. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसत्या डाव्यानं भिंतीकडं बघितलं. मान थोडी इकडं, थोडी तिकडं. मग हात काढला, परत ठेवला.

मी उठून शेजारी जाऊन उभी राहिले. विचारलं, काय दिसायलंय?

"डाव्यानं? ढगच हाय सगळा."

मग भिंतीकडं बोट केलं.

"पन ती मधली वळ दिसती. सिमिटाची. तिच्यावरून शेगडी सापडायली."

पुढच्या महिन्यात डाव्याची तारीख आहे, आत्याबाईंनीच घ्यायला लावली. परवा फोनवर डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, करून बघू, पण उजव्याइतकी आशा धरू नका. मी आत्याबाईंना हे सांगितलेलं आहे, काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "धरत न्हाई. एक डोळा मिळाला, लय झालं."

संध्याकाळी मिस्त्रीचा परत फोन. आत्याबाईंनी माझ्या हातातून घेतला. "गफूर, तू जा तुज्या कामाला. ती वळ ऱ्हाऊ दे तशीच. माजं डाव्याचं झालं की सांगते तुला." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, निळ्याचा बॉक्स मात्र परत करू नको.

बॉक्स पलंगाखाली ठेवलाय. भिंत पांढरी, मधे एक करडी पट्टी, अर्धवट काम असल्यासारखी. शेजारच्या काकूंनी विचारलंच, पैसे संपले का. मी म्हणाले, नाही, ठरायचंय अजून.